बुडापेस्ट, व्हिएन्ना आणि यार्मिलाच्या नावाचा दिवस

ब्रनोच्या मोठ्या स्टेशनात, तिकीटखिडक्या संपून फलाटांकडे जाणारा बोगदा सुरू होतो तिथे, पूर्वी एक अरुंद सलून होतं. आरसे दोन, खुर्च्या दोन आणि न्हावी एक, बोहुमीर सेडलाचेक. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की दुसरे न्हावी विचारतात, किती बारीक करू? बोहुमीर विचारायचा, गाडी कुठली? गाडीला अवकाश असेल तर केस, दाढी, मानेवर गरम टॉवेल, सगळं साग्रसंगीत. गाडी लागलेली असेल तर नुसते कानांवरचे केस कापून तो माणसाला मोकळं करायचा. आयुष्यभर त्याने निघालेल्या माणसांच्या डोक्यांवरून हात फिरवला. कोणी लग्नाला चाललेलं, कोणी मयताला, कोणी नुसतंच हिंडायला. जाताना गप्प असलेली माणसं परतीच्या वाटेवर पुन्हा खुर्चीत बसली की भडाभडा बोलायची. बुडापेस्टचे पूल, व्हिएन्नातले कॉफीचे कप, प्रागच्या टेकडीवरचं धुकं असं सगळं बोहुमीरने कापलेल्या केसांबरोबर गोळा केलं होतं.

स्वतः तो कुठे गेला नव्हता. न्हावीच निघाला तर गिऱ्हाईक कुठे बसणार, असं तो म्हणायचा; पण खरं कारण त्याची बायको आनेश्का होती. तिचं सगळं सुख गावाबाहेरच्या त्यांच्या बागेच्या तुकड्यात होतं. शुक्रवार आला की ट्रामच्या पायरीवर रोपांच्या कुंड्या घेऊन ती तयार. उन्हाळ्यात कुठे जाऊ या म्हटलं तर म्हणायची, जर्दाळू पिकायला लागल्यावर कोण घर सोडतं? हिवाळ्यात म्हणायची, थंडीत कोण जातं? अशी वर्षं गेली. व्हिएन्ना तेव्हाही गाडीने जेमतेम दोन तासांवर होती, आणि मधल्या सरहद्दीवरच्या काटेरी तारांमुळे चंद्राइतकी लांब होती. तारा कापल्या गेल्या त्या हिवाळ्यात अख्खं ब्रनो एकदा तरी व्हिएन्ना बघून आलं. हे तिघंही गेले. मुलगी राद्का त्याच्या खांद्यावर होती. दिवसभर ते दुकानांच्या काचांसमोरून चालले, बाकावर बसून घरून नेलेला डबा खाल्ला आणि संध्याकाळी परतले. व्हिएन्ना पाहिलीस का, असं कोणी विचारलं की बोहुमीर सांगायचा, पाहिली ना, काचेतून.

आनेश्का गेली. पुढे सलूनही गेलं. त्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात. बोहुमीरकडे एक कात्री, बागेचा तुकडा आणि ऐकीव शहरं तेवढी उरली.

गेल्या शरद ऋतूत राद्काने त्याला गुडघ्यांसाठी लुहाचोव्हित्सेला पाठवलं. तिथे खारट पाण्याचे झरे आहेत. चोच असलेल्या चिनी मातीच्या कपातून ते पाणी घोट घोट पीत, सायीसारख्या पातळ बिस्किटांचा तुकडा मोडत लोक झाडांखालून चालत राहतात. बोहुमीरला पाणी अजिबात आवडलं नाही. पहिल्याच दिवशी त्याने तोंड वाकडं केलं तेव्हा शेजारची बाई म्हणाली, "पिऊन टाका. नाक धरून नाही, मान ताठ ठेवून. ऑपेरातल्या राण्या विष असंच पितात."

ती यार्मिला. ब्रातिस्लाव्हाची. तिथल्या ऑपेरात तिने आयुष्यभर कपडे शिवले होते. राजांचे झगे, सम्राज्ञींची वस्त्रं, सरदारांच्या बंडीवरची सोनेरी नक्षी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा तिकडे डोंगरात लाकडाच्या धंद्यात. ती स्लोव्हाकमध्ये बोलायची, हा झेकमध्ये, आणि दोघांनाही त्याचं काही वाटायचं नाही. दोघांचा देश एक होता तेव्हापासूनची ती सवय. एका सकाळी तिच्या कपाळावरचे केस डोळ्यांत यायला लागले, आणि तिथलं सलून बंद होतं. बोहुमीरने खिशातली कात्री काढली. झऱ्याजवळच्या बाकावर, गळ्याशी रुमाल बांधून, त्याने तिचे केस सारखे केले. सवयीने तोंडातून निघून गेलं, गाडी कुठली?

यार्मिला हसली नाही. तिने प्रश्न खराच धरला. तिला बुडापेस्टला जायचं होतं. तरुणपणी एकदा गेली होती ती नुसती पावसात भिजून परतली होती. मग व्हिएन्नाला. तिने इतक्या वेळा सम्राज्ञी शिवली होती की तिथल्या महालात मांडलेल्या खऱ्या झग्यांची दुमड कशी घातली आहे, हे एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. आणि ब्रनोला. इतकं जवळ असून ब्रनोला ती फक्त गाडीतून पाहत गेली होती, उतरली कधीच नव्हती.

"मग वसंतात जाऊ," बोहुमीर म्हणाला. म्हणाला आणि स्वतःच दचकला.

"तुम्ही आखणी करा," ती म्हणाली. "मी पेटी भरते."

म्हणून तो हिवाळा बोहुमीरच्या आयुष्यातला सगळ्यात उबदार हिवाळा ठरला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशे आले. राद्का दातांच्या दवाखान्यात काम करते. नीटनेटकेपणा तिच्या हाडात आहे. तिने लॅपटॉपवर त्याला एक आखणी करून दिली: प्राग, ड्रेस्डेन, व्हिएन्ना, बुडापेस्ट, क्राकोव्ह, रोज एक शहर. बोहुमीरने ती वाचली आणि विचारलं, शहर म्हणजे काय गोळी आहे, जेवणानंतर रोज एक? राद्का रागावली. म्हणाली, इतक्या लांब जायचंच तर सगळं बघून यावं. तो म्हणाला, सगळं बघायला मी काय मालमत्ता मोजायला चाललो आहे?

कोपऱ्यावरच्या पबमध्ये नेहमीच्यांच्या टेबलावर तर ह्या सहलीने कहर केला. तिथला म्होरक्या आलोइस. जन्मभर ट्राम चालवलेला, आणि त्यामुळे रुळांवरून जाणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर आपलाच अधिकार मानणारा. बुडापेस्टमध्ये गरम पाण्याच्या कुंडांत दिवसभर बसावं आणि पाण्यातच बुद्धिबळ खेळावं, बाकी गावात काही नाही, असं त्याचं मत. दुसरा कोणी म्हणे, व्हिएन्नात फक्त केक खा. तिसऱ्याने ब्रनो सोडून कुठेही जाण्यात अर्थ नाही असं सांगून आणखी एक बिअर मागवली. डब्याला काय नेणार, ह्यावर बोहुमीरने सांगितलं, पावात घातलेली श्निट्झेलं, म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेले मांसाचे काप. झेक माणूस प्रवासाला निघाला आणि डब्यात श्निट्झेल नाही असं होत नाही. पण श्निट्झेल हा मुळात व्हिएन्नाचाच पदार्थ.

"व्हिएन्नाला श्निट्झेल घेऊन जाणार?" आलोइस म्हणाला. "मग लेका, बुडापेस्टला जाताना बादलीत गरम पाणीही ने. आयत्या वेळी तिथे मिळालं नाही तर?"

बोहुमीरने कोणाचंच ऐकलं नाही, पण ऐकून घेण्याची चैन पुरेपूर केली. हळूहळू त्याची स्वतःची आखणी तयार झाली. एप्रिलच्या सुरुवातीला त्याने ब्रातिस्लाव्हाला जायचं, यार्मिलाला बरोबर घ्यायचं आणि तडक बुडापेस्ट गाठायचं. ही गाडी पुढे डॅन्यूबच्या काठाकाठाने जाते आणि नदी उजव्या हाताला राहते; म्हणून जागा उजवीकडच्या खिडकीच्या. यार्मिलाला गाडीच्या उलट्या दिशेला तोंड करून बसलं की गरगरतं, म्हणून तिची जागा पुढे तोंड केलेली. समोर, उलट्या दिशेला तोंड करून, तो. एक व्हायोलिनवाला गिऱ्हाईक म्हणायचा, बुडापेस्टचा पूल दिवेलागणीलाच बघावा. एक कसाई म्हणायचा, पहाटे, माणसं नसताना. बोहुमीरने दोन्ही वेळा धरल्या. मग व्हिएन्ना, महालातले झगे, आणि सकाळपासून दुपारपर्यंत एकाच कॉफीवर बसू देणारं एखादं जुनं कॉफीघर. शेवटी ब्रनो. ब्रनोसाठी त्याने काहीच लिहिलं नव्हतं. तिथे काय दाखवायचं ते त्याला कागदावर मांडवेना. टेकडीवरचा किल्ला दाखवता येतो, भाजीबाजार दाखवता येतो. पण इथे तुम्हाला बरं वाटतंय का, इथे राहून बघाल का, हे कुठल्या ओळीत लिहिणार?

दर रविवारी जेवणं झाली की यार्मिलाचा फोन यायचा. तो तिला नवी आखणी वाचून दाखवायचा आणि ती एखादा टाका उसवायची. बुडापेस्टमध्ये चढावर खोली नको. व्हिएन्नात संग्रहालयाला एक दिवस पुरणार नाही. झग्याची दुमड बघायची तर पहारेकऱ्याशी आधी ओळख करावी लागते. आठवडाभर तो उसवलेलं पुन्हा शिवायचा. आखणी जितकी लांबत गेली तितकं त्याला बरं वाटत गेलं.

मग फेब्रुवारी आला. आमच्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये प्रत्येक तारखेखाली एक नाव छापलेलं असतं. त्या दिवशी त्या नावाच्या माणसांचा मान. वाढदिवस विसरला तर लोक क्षमा करतात, कारण तो ज्याचा त्याला ठाऊक. पण नावाचा दिवस विसरणं म्हणजे भिंतीकडे न बघणं. महिन्याच्या सुरुवातीलाच बोहुमीरला चौकटीत दिसलं: यार्मिला. तो किती तरी वेळ त्या चौकटीसमोर उभा राहिला. पूर्वी ती चौकट कधी दिसली कशी नाही, ह्याचंच त्याला नवल वाटलं.

ब्रनोतली एक फुलवाली ब्रातिस्लाव्हातल्या दुकानाकडून फुलं पोचवायची व्यवस्था करते, हे त्याला कळलं. गुलाब घेतले तर घाई वाटेल, म्हणून लाल ट्युलिप. चिठ्ठीत काय लिहायचं ह्यावर पबमध्ये एक संध्याकाळ गेली. शेवटी त्याने लिहिलं, 'नावाच्या दिवशी सगळं मनासारखं होवो. वसंतात गाडीत भेटूच. बी.' तिचं नाव त्याने मुद्दाम लिहिलं नाही. ज्या दिवशी अख्खं कॅलेंडर तेच नाव घेतंय त्या दिवशी आपण ते पुन्हा कशाला लिहायचं, असं त्याला वाटलं. आलोइसलाही ते फार पसंत पडलं. झाकल्या मुठीत जी नजाकत असते ती उघड्या हातात नाही, असं तो म्हणाला आणि हे वाक्य आपलंच असल्याचं दोनदा सांगितलं.

त्या रविवारी फोन जरा उशिरा आला.

फुलं मिळाली, यार्मिलाने सांगितलं. सुंदर होती. तिचा आवाज मोजपट्टीने मोजून कापल्यासारखा होता. बोहुमीरने आखणीचा कागद पुढे ओढला तर ती म्हणाली, राहू द्या, माझा गुडघा पुन्हा दुखायला लागलाय. प्रवासाचं काही खरं नाही. "तुम्ही आपले जाऊन या. सोबत तुम्हाला मिळेलच कोणीतरी," असं म्हणून तिने फोन ठेवला.

बोहुमीर कागद समोर ठेवून बसून राहिला. हिवाळाभर टाका टाका घालून शिवलेली गोष्ट एका दोऱ्यावर सुटत होती आणि तो दोरा कुठला, हेच त्याला दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर तपास सुरू झाला. आलोइसने पहिलाच प्रश्न विचारला: फुलं सम होती की विषम? कारण सम संख्येची फुलं आमच्याकडे कबरीवर वाहतात. जिवंत बाईला तशी पाठवली तर तिने गुडघा काय, दारसुद्धा बंद करावं. दोघं तसेच उठून फुलवालीकडे गेले. फुलवालीने त्यांना असं झापलं की रस्त्यावरची माणसं थांबली. मी काय दफनभूमीचं दुकान चालवते का, ब्रातिस्लाव्हातली माझी माणसं काय बिनशाळेची आहेत का? फुलं विषमच होती. मग रंग? पिवळा म्हणजे मत्सर. पण ती लालच होती, असं तिने शपथेवर सांगितलं. राद्काने ऐकून घेतलं आणि वडिलांना दुखवायचं नाही अशा सुरात म्हणाली की कधी कधी माणसांचं मन बदलतं, बाबा. बुडापेस्टच्या खोलीचं आरक्षण आत्ताच रद्द केलेलं बरं.

पुढच्या रविवारी फोन आलाच नाही. बोहुमीरने केला तेव्हा तो नुसता वाजत राहिला.

मंगळवारी सकाळी तो स्टेशनवर गेला. खिडकीतून राखून ठेवलेल्या दोन जागा परत करायच्या होत्या, उजव्या खिडकीच्या, एक पुढे तोंड केलेली, एक पाठमोरी. रांग हळूहळू सरकत होती. त्याच्या पुढे एक पोरगी पाठीवर वाद्याची मोठी पेटी घेऊन उभी होती आणि खिडकीतल्या बाईला ठामपणे सांगत होती की तिला क्राकोव्हला जायचं आहे, आजच, कशीही. बोहुमीरची पाळी आली. त्याने खिशातला कागद काढला, काचेवर ठेवला, आणि तो पुढे सरकवायच्या ऐवजी पुन्हा खिशात घातला.

"ब्रातिस्लाव्हा," तो म्हणाला. "जी पहिली असेल ती."

हिवाळाभर आखणी करणारा माणूस डबा न घेता, छत्री न घेता, नेमका गाडीच्या उलट्या दिशेला तोंड करून बसला. शेतांवर बर्फाचे तुकडे उरले होते आणि ससे बांधावरून पळत होते. सरहद्दीवर कोणी काही विचारलं नाही; फक्त स्टेशनांवरच्या पाट्यांची अक्षरं थोडी बदलली. ब्रातिस्लाव्हा येईपर्यंत त्याने तीन वेगवेगळी बोलणी तयार केली आणि तिन्ही विसरला.

यार्मिला नदीपलीकडे उंच इमारतींच्या वस्तीत राहते. तिने दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या मागे पाहिलं, कोणी आहे का म्हणून. मग बाजूला झाली. घरात बूट घालून जायची रीत नाही. त्याने बूट काढले तेव्हा मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. तिने पाहुण्यांच्या सपाता पुढे केल्या. त्या बहुधा तिच्या नातवाच्या होत्या. टाचा बाहेर काढून, पावलं घासत तो स्वयंपाकघरात जाऊन बसला. यार्मिलाने न विचारता कपात कॉफीची पूड घातली आणि वरून उकळतं पाणी ओतलं.

"वेरोनिका कशी आहे?" तिने विचारलं.

"कोण वेरोनिका?"

"बोहुमीर, तुम्ही सत्तरी ओलांडलीत. या वयात विसरभोळेपणा शोभतो. पण इतका सोयीचा नाही."

बोहुमीरने डोकं खाजवलं. त्याला एकच वेरोनिका आठवली. लुहाचोव्हित्सेला अंगाला गरम काळी माती लावून चादरीत गुंडाळणारी धडधाकट बाई. तो म्हणाला, ती असेल बरी, मला काय ठाऊक.

"तुम्हाला ठाऊक नाही. पण तिच्या दिवसाला ट्युलिप पाठवायचे ते ठाऊक आहे. फक्त पत्त्यात चूक झाली." यार्मिला चमचा कपात गरगर फिरवत होती. "फुलं आली त्या दिवशी शेजारीण इथेच बसली होती. तिने चिठ्ठी वाचली, भिंतीकडे पाहिलं आणि मला म्हणाली, आज वेरोनिका आहे, यार्मिला. बी म्हणजे कोण गं? मी काय सांगणार होते? दुसऱ्या बाईची फुलं मी फुलदाणीत कशी ठेवू? पण फुलांचा तरी काय दोष. न्हाणीघरात बादलीत ठेवली होती. कालच टाकली."

"त्या दिवशी वेरोनिका नव्हती," बोहुमीर म्हणाला. "त्या दिवशी यार्मिला होती."

"कुठे?"

"कॅलेंडरवर."

यार्मिला उठली, खिळ्यावरून कॅलेंडर काढलं आणि त्याच्यासमोर आपटलं. बोहुमीरने चष्मा लावला. त्याची तारीख होती. तिच्याखाली स्वच्छ छापलेलं होतं, वेरोनिका. त्याने बोट ठेवून पुन्हा वाचलं. मग पान उलटलं, मग आणखी एक. मार्च गेला. एप्रिल अगदी संपत आला तेव्हा एका चौकटीत त्याचं बोट थांबलं.

"तुम्ही इथे आहात," तो हळूच म्हणाला.

"मी कायमच तिथे आहे. जन्मल्यापासून."

"आमच्याकडे तुम्ही फेब्रुवारीत येता."

यार्मिला त्याच्याकडे बघत राहिली. एका देशाचे दोन झाले तेव्हा दोन्हीकडच्या लोकांनी सगळं वाटून घेतलं होतं. नोटा, विमानं, रेल्वेचे डबे. पण नावांचे दिवस त्याआधीपासूनच वेगळे होते, आणि जन्मभर ब्रनोत बसलेल्या न्हाव्याला ते कधी कळायचं कारणच पडलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर विश्वास आणि हसू दोन्ही दाराशी येऊन थांबले होते. आत कोणी आधी यायचं तेवढं ठरत नव्हतं. बोहुमीरने फोन काढला, राद्काला लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"बाबा, तू कुठे आहेस? आलोइसकाका दोनदा येऊन गेले."

"ते नंतर. दवाखान्यात कॅलेंडर आहे ना भिंतीवर? फेब्रुवारीची चौथी तारीख वाच. आणि वेरोनिका कधी आहे तेही."

"मी पेशंट सोडून..."

"वाच, राद्का."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "यार्मिला," राद्काने वाचलं. "का? आणि वेरोनिका सात तारखेला आहे, आमच्या डॉक्टरीणबाईंचं नाव. त्यांना केक आणायला विसरले मी. बाबा, तू बरा आहेस ना?"

पलीकडे उत्तर गेलं ते यार्मिलाच्या हसण्याचं. ती खुर्चीच्या पाठीला धरून हसत होती, मग खुर्चीवर बसून, मग डोळे पुसत. तिने सांगितलं की इतके दिवस रात्र रात्र जागून ती काळ्या मातीच्या त्या बाईशी मनात भांडली होती, आणि ती बिचारी कुठे तरी कोणाला तरी चादरीत गुंडाळत असेल. शेजारणीला आता काय तोंड दाखवायचं? बोहुमीरने सुचवलं की शेजारणीला दोन्ही कॅलेंडरं दाखवावीत. यार्मिला म्हणाली, नको, ती म्हणेल ह्या माणसाला प्रत्येक देशात एक बाई आहे.

मग तिने कपाटातून बोरोविच्का काढली, जुनिपरच्या फळांची कडक दारू, आणि दोन छोटे पेले भरले. आमच्याकडे 'तुम्ही'वरून 'तू'वर यायचं ते बाईने सुचवल्याशिवाय नाही. तिने पेला त्याच्या पेल्याला टेकवला.

"यार्मिला," ती म्हणाली, जणू पहिल्यांदाच ओळख करून देत होती.

"बोहुमीर."

"हं. आता तुझी आखणी काढ."

त्याने कागद उलगडला. ती चष्मा लावून वाकली आणि बघता बघता हिवाळाभराची शिलाई तिने पुन्हा उसवली. एप्रिलची सुरुवात नको. एप्रिलची अखेर, म्हणजे तिचा खरा दिवस व्हिएन्नात येईल. इथला दिवस खरा आणि आमच्याकडचा खोटा कसा, असं बोहुमीरने विचारून पाहिलं. तिने सांगितलं की वर्षातून दोनदा फुलं मिळणार असतील तर ह्यावर वाद घालायची तिची तयारी नाही. बुडापेस्टच्या दोन्ही पूल-वेळा तिने मान्य केल्या, पण पहाटेची त्याने एकट्याने करायची. शेवटच्या ओळीवर ती थांबली. तिथे नुसतं ब्रनो लिहिलं होतं.

"इथे काही नाही?"

"इथे काय लिहायचं ते कळलं नाही."

"किती दिवस ते तरी?"

बोहुमीरने कपातल्या कॉफीच्या गाळाकडे पाहिलं. "ते तू ठरवायचंस," तो म्हणाला. हे एवढं वाक्य त्याला गाडीत सुचलं नव्हतं.

यार्मिला उठून आतल्या खोलीत गेली. कपाटाचं दार कुरकुरलं, कागद सळसळला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात बुटांचं खोकं होतं. चालायला म्हणून घेतलेले, तपकिरी, मऊ चामड्याचे, जाड तळव्यांचे. जानेवारीत घेतले होते, तिने सांगितलं. मधल्या त्या दिवसांत दुकानात परत द्यायला म्हणून खोक्यासकट दोनदा ट्रामच्या थांब्यापर्यंत गेली होती. दोन्ही वेळा ट्राम आली आणि गेली.

ती खुर्चीवर टेकून नाड्या बांधायला लागली. घरात बूट घालायचे नसतात, बोहुमीरने आठवण करून दिली. नवे आहेत, ती म्हणाली, अजून जमिनीला लागलेले नाहीत. आणि एप्रिल अखेरपर्यंत ते पायाला बसवायचे तर आजपासूनच चालायला हवं, कारण ब्रनो म्हणे टेकड्यांचं गाव आहे आणि तिथे बरेच दिवस चालायचं आहे.

मग ती ओट्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून ओट्यापर्यंत चालायला लागली. बूट करकरत होते. खाली पुलावरून एक आगगाडी नदी ओलांडून चालली होती. तिच्याकडे दोघांपैकी कोणीच पाहिलं नाही. बोहुमीर तोकड्या सपातांत बसून यार्मिलाची पावलं बघत होता, आणि प्रत्येक वेळी ती वळली की टाच चावतेय का, असं विचारत होता.